प्रोसेसर अर्ध्या तासात बदलतो, फास्ट रॅमची खरी परीक्षा मे महिन्यात असते

जानेवारीत अमळनेरला आत्याकडे भरीत पार्टी होती, तेव्हा आतेभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, दादा, एवढं नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं पण गेममध्ये फरकच पडला नाही, पैसे वाया गेले का? मी पीसी लावून बघितला तर गेम चालू असताना कार्डाचा वापर ६० टक्क्यांच्या आसपास घुटमळत होता आणि प्रोसेसरचे दोन कोर, म्हणजे त्याच्या आत काम करणारे स्वतंत्र हात, मात्र एकदम फुल. हे लक्षण ओळखता आलं ना तर भरपूर पैसे वाचतात. कार्ड ९५ ते ९९ टक्के चालतंय तर कार्डच कमी पडतंय, आणि एफपीएसवर (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्यावर) कुठलं लिमिट लावलेलं नसताना कार्ड अर्धं मोकळं बसलंय तर प्रोसेसर त्याला काम पुरवू शकत नाहीये. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण आकडा ४५-५० टक्के दिसतो म्हणून लोक फसतात, अरे पण गेमचं मुख्य काम एक-दोन कोरवरच असतं, बारा थ्रेडची (एका कोरचे दोन धागे) सरासरी काढल्यावर आकडा कमीच दिसणार ना.

त्याच्याकडे होता एएमडी कंपनीचा प्रोसेसर रायझन ५ २६००, म्हणजे २०१८चा, बी४५० मदरबोर्डवर. आता इथे त्याचं नशीब चांगलं, कारण हा एएम४ सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. २०१७ला पहिले रायझन याच सॉकेटवर आले आणि २०२२ला ५८००एक्सथ्रीडी आला तोही याच सॉकेटवर, मधे एवढ्या पिढ्या गेल्या पण भोकं तीच. २०२० मध्ये तर एएमडीने आधी सांगितलं होतं की ४०० सिरीजच्या बोर्डांवर ५००० सिरीज चालणार नाही, लोकांनी बोंब मारली तेव्हा निर्णय फिरवला, आणि आज जुन्या बी४५० वाल्या पोरांचं भलं होतंय ते त्या बोंबलण्यामुळेच. नवीन एएम५ घ्यायचा तर बोर्ड नवीन, त्यावर रॅमची नवी पिढी डीडीआर५च चालते म्हणून रॅमही नवीन, म्हणजे अर्धा पीसीच बदलला. रॅमचे भाव तर २०२५च्या शेवटापासून भडकले होते. म्हणून मी म्हटलं, रायझन ५ ५६०० टाकू, बोर्ड तोच ठेवू.

तो म्हणाला, दादा, हाही सहा कोरचा, तोही सहा कोरचा, मग फरक काय पडणार? प्रश्न बरोबर आहे. घड्याळाचा वेग, म्हणजे सेकंदाला किती ठोके, तो बघा, २६०० जास्तीत जास्त ३.९ गिगाहर्ट्झ, ५६०० जातो ४.४ला, म्हणजे साधारण १३ टक्के. पण गेममध्ये फरक त्याहून बराच जास्त पडतो. एक कारण म्हणजे नवीन कोर एका ठोक्यात जास्त काम उरकतो, आणि दुसरं कारण कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच छोटी पण चपळ मेमरी.

खापरावर मांडे करणारी बाई बघितलीये ना? हातावर फिरवत फिरवत मांडा एवढा मोठा करते आणि उलट्या खापरावर टाकते. कणकेची परात एका बाजूला, पुरणाचं पातेलं दुसऱ्या बाजूला, हाताशी. हात कितीही चपळ असू द्या, पातेल्यातलं पुरण संपलं आणि आतल्या घरातून आणायला कोणी गेलं की तेवढा वेळ खापर नुसतं तापत बसतं. हात म्हणजे कोर, पातेलं म्हणजे कॅश, आतलं घर म्हणजे रॅम, आणि किराणा दुकान म्हणजे एसएसडी. रायझनला रॅममधून एखादी गोष्ट आणायला साधारण ६०-७० नॅनोसेकंद लागतात, ऐकायला काहीच नाही, पण ४.४ गिगाहर्ट्झचा कोर तेवढ्या वेळात जवळजवळ ३०० ठोके टाकून मोकळा होतो, आणि ते सगळे ठोके फुकट जातात. २६००मध्ये १६ एमबी एलथ्री कॅश होती पण तीही दोन वाटण्या करून, तीन कोरांना ८, उरलेल्या तीन कोरांना ८. ५६००मध्ये ३२ एमबी, आणि सहाही कोरांना मिळून एकच पातेलं. याच सॉकेटच्या एक्सथ्रीडी वाल्या चिपमध्ये वर आणखी एक थर चढवून ९६ एमबी करतात, गेमसाठी ते एवढे गाजले ते याचमुळे. बजेट असेल आणि मिळत असेल तर जरूर घ्या, फक्त कूलर चांगला लागतो त्याला, कारण वरच्या थरामुळे खालच्या कोरांची उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो.

आता बदलायचं कसं ते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम) अपडेट करायचं, नवीन टाकल्यावर नाही. जुन्या बायोसला नवीन चिप ओळखूच येत नाही, स्क्रीन काळीच राहते, आणि मग लोक दुकानदाराशी भांडतात की खराब माल दिला. मदरबोर्ड कंपनीच्या साइटवर आपल्या बोर्डाचं अगदी अचूक नाव टाकायचं, रिव्हिजन नंबरसकट, तिथे सीपीयू सपोर्टची यादी असते, तुमच्या प्रोसेसरसमोर जे बायोस व्हर्जन लिहिलंय ते किंवा त्याच्या पुढचं घ्यायचं. काही बोर्डांना मधलं एक व्हर्जन आधी टाकावं लागतं, ते तिथेच लिहिलेलं असतं, वाचा. पेनड्राइव्ह फॅट३२ला फॉरमॅट. आणि आपल्याकडे लाइटीचा भरवसा नाही, अपडेटच्या मधेच लाइट गेली तर बोर्ड मेला समजा, म्हणून यूपीएस किंवा इन्व्हर्टर असल्याशिवाय त्या बटणाला हातसुद्धा लावू नका. आम्ही शेजाऱ्यांकडून यूपीएस मागून आणला, पाच मिनिटांच्या कामासाठी.

अजून एक, ज्यांच्या विंडोजला बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, चालू आहे त्यांनी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. प्रोसेसर बदलला की एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरमधली चाव्यांची तिजोरी, बदलतं, चालू करताना बोर्ड विचारतो की रीसेट करू का, वाय दाबलं की जुन्या चाव्या गेल्या, पिनसुद्धा परत सेट करावा लागतो. रिकव्हरी की हातात नसेल तर डेटा गेलाच म्हणून समजा.

कूलर काढतानाची गोष्ट सांगायलाच हवी. एएम४ला पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१ पिना, केसासारख्या बारीक, आणि सॉकेटची पकड तशी हलकीच. कूलर आणि प्रोसेसरच्या मधली जुनी पेस्ट सुकून सिमेंटसारखी झालेली असते. मी भरीत वाढायला गेलो तेवढ्यात आतेभावाने स्क्रू काढले आणि कूलर सरळ वर ओढला, कट असा आवाज आला, कूलरच्या बुडाला प्रोसेसर चिकटूनच वर आला आणि कडेच्या दोन पिना वाकल्या. पोराचा चेहरा पांढरा पडला. आत्या दारातून म्हणते, "काय करी ऱ्हायनात रे दोन्ही?" मी म्हटलं, काही नाही आत्या, होतंय. मग लीडची पेन्सिल घेतली, लीड काढून टाकलं, पेन्सिलीचं पोकळ टोक पिनेवर हळूच चढवून केसभर केसभर करत पिना सरळ केल्या, मोबाईलचा टॉर्च आडवा धरून रांग तपासली, एक पीन जरी रांगेबाहेर असली तर सावलीत लगेच दिसते. वीस मिनिटं गेली त्यात. जुनाच प्रोसेसर होता पण तो विकून दोन पैसे येणार होते, म्हणून सोडून देऊन चालणार नव्हतं. तर बरोबर पद्धत काय, आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून प्रोसेसर गरम करायचा म्हणजे पेस्ट मऊ पडते, मग बंद करून वायर काढायची, स्क्रू सोडवायचे, आणि कूलर वर न ओढता डावीकडे-उजवीकडे पिळत पिळत सैल करायचा, सुटला की मग उचलायचा. एएमडीच्या छोट्या स्क्रूवाल्या कूलरचे चारही स्क्रू काढले की बोर्डामागची लोखंडी पट्टी मागे पडते, एक हात मागे लावून ठेवा.

नवीन टाकताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाला जुळवायचा, दांडा वर, चिप नुसती ठेवायची, स्वतःच्या वजनाने खाली बसते. दाबायचं नाही. बसत नाहीये म्हणजे दिशा चुकली किंवा पीन वाकलीये, परत बघा. मग दांडा खाली, वाटाण्याएवढी पेस्ट, कूलर, फॅनची वायर, झालं. हा भाग एवढाच आहे, खरंच अर्ध्या तासाचा.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन लगेच येत नाही, एक-दोनदा आपोआप बंद-चालू होतं. घाबरून बटण दाबत बसू नका, बोर्ड रॅमशी ओळख करून घेत असतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, एएम५वर तर पहिल्या वेळी काही मिनिटंसुद्धा जातात. आणि बायोस अपडेट झाल्यावर सगळ्या सेटिंग डिफॉल्टला जातात, सिक्युअर बूट (खात्रीच्या प्रोग्रॅमनेच पीसी चालू होऊ देणारी सेटिंग) बंद होऊ शकतं, मग विंडोज ११वर व्हॅलोरंट गेम व्हॅन ९००१ एरर देतो आणि पोरं विंडोज परत टाकायला निघतात. बायोसमध्ये जाऊन एफटीपीएम आणि सिक्युअर बूट चालू करा, एरर जाते.

आता रॅम, आणि इथूनच खरं काम सुरू होतं.

आम्ही १६ जीबीच्या दोन स्टिक घेतल्या होत्या, डीडीआर४ ३६०० सीएल१८. टास्क मॅनेजर उघडला तर स्पीड २६६६. आतेभाऊ म्हणाला फसवलं. नाही रे बाबा. रॅमवर एक छोटी चिप असते, तिच्यात तिची माहिती लिहिलेली असते, बोर्ड आधी त्यातला सगळ्यात सुरक्षित वेग उचलतो म्हणजे कुठल्याही पीसीत निदान चालू तरी होईल. डब्यावर छापलेला वेग हवा असेल तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी प्रोफाइल आपल्यालाच चालू करावं लागतं, काही बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी असतं, डीडीआर५ला एक्स्पो. माझ्या ओळखीत अशी मंडळी आहेत ज्यांनी चार-चार वर्षं ३२००ची रॅम २१३३ला चालवली, कारण कोणी सांगितलंच नाही.

आकड्यांचा अर्थ एकदा नीट समजून घ्या म्हणजे दुकानात कोणी गंडवणार नाही. ३६०० म्हणजे सेकंदाला ३६०० दशलक्ष वेळा डेटाची देवाणघेवाण. खरं घड्याळ १८०० मेगाहर्ट्झ, पण प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा जातो, डीडीआर मधला डबल तो हाच. म्हणून सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये १८०० दिसतं ते बरोबरच आहे, दुप्पट करून वाचा. एका वेळी एका चॅनेलवर ८ बाइट जातात, दोन चॅनेल मिळून १६, म्हणजे ३६०० गुणिले १६, सेकंदाला ५७.६ जीबी. एकच स्टिक लावली की हे थेट निम्मं, म्हणून १६ची एक घेण्यापेक्षा ८च्या दोन बऱ्या. आणि त्या प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या, शेजारीशेजारी नाही.

सीएल म्हणजे मागितल्यापासून द्यायला सुरुवात होईपर्यंत किती ठोके थांबावं लागतं ते. नुसता सीएल बघून काही कळत नाही, सीएलला २०००ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा, नॅनोसेकंद मिळतील. ३२०० सीएल१६ म्हणजे १०. ३६०० सीएल१८ म्हणजे पण १०. ३६०० सीएल१६ म्हणजे ८.९. आणि २६६६ सीएल१९ असेल तर १४च्या वर. आता बघा, सीएल१८ हा सीएल१६पेक्षा हळू असंच दुकानात सांगतात, पण वेग धरून हिशोब केला तर दोन्ही सारखेच निघाले.

मग ४४०० का नको, जास्त तेवढं चांगलं असेल ना? एएम४वर तसं नाही होत. रावेर-यावलकडे केळीचा ट्रक भरताना बघा, बांधापासून ट्रकपर्यंत माणसं ओळीत उभी असतात आणि घड हातोहात पुढे जातो. सगळ्यांचा ताल एक असेल तर घड कुठेच थांबत नाही. मधल्या एकाचा ताल चुकला की मागच्याला घड धरून उभं राहावं लागतं. रायझनमध्ये अशी तीन घड्याळं असतात, रॅमचं, मेमरी कंट्रोलरचं (प्रोसेसरमधला रॅमशी बोलणारा भाग), आणि प्रोसेसरच्या आतल्या रस्त्याचं ज्याला इन्फिनिटी फॅब्रिक म्हणतात. ३६००ला तिघंही १८००वर चालतात, एकास एक. ५००० सिरीजच्या बहुतेक चिपांचं फॅब्रिक १८०० ते १९००पर्यंत जातं, त्यापुढे क्वचित. रॅम त्याच्या पलीकडे नेली की कंट्रोलर निम्म्या वेगावर येतो, आकडा मोठा दिसतो पण घड मधेच थांबतो, गेमला तोटाच. म्हणून एएम४साठी ३६०० हाच नेमका आकडा. एएम५वर हेच गणित साधारण ६०००ला बसतं, तिथे फॅब्रिक वेगळं चालतं पण रॅम आणि कंट्रोलर एकास एक राहतात.

एक्सएमपी चालू केलं, सेव्ह केलं, विंडोज आलं, ३६०० दिसलं, तर काम झालं का? नाही झालं, आणि माझा सगळ्यात जास्त जीव याच गोष्टीवर तुटतो. एक्सएमपी म्हणजे रॅम कंपनीने तिच्या स्टिक तपासून सांगितलेला वेग. पण तुमच्या प्रोसेसरमधला कंट्रोलर तिने तपासलेला नाही, तुमच्या बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा तिने बघितलेल्या नाहीत. एएमडीने ५६००ला अधिकृत आकडा दिलाय ३२००चा, त्यावरचं सगळं ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं आहे. बहुतेक वेळा चालतं. पण पीसी चालू होणं वेगळं आणि मेमरीत एकही बिट न चुकणं वेगळं. गेममध्ये एक बिट चुकला तर कुठेतरी एक रंग चुकेल, कळणारही नाही. तोच बिट फाइलमध्ये चुकला तर फाइल खराब झालेली असते आणि ती तशीच सेव्ह होऊन जाते, तुम्हाला तीन महिन्यांनी कळतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी डिफॉल्ट वेगावरच रॅम तपासा, मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून त्यातून बूट करायचं, चार फेऱ्या होऊ द्यायच्या, रात्री लावून झोपून जा. डिफॉल्टलाच एरर आली तर स्टिकच खराब आहे, परत करा, सेटिंगशी खेळू नका. ते पास झालं की मग एक्सएमपी. मग बायोसमध्ये फॅब्रिक ऑटोवर न सोडता १८०० हाताने टाका. एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरला मिळणारं) १.१च्या आसपास पुष्कळ झालं, १.२च्या वर जायचं कारण नाही. व्होल्टेज वाढवून वाढवून स्टेबल करायची सवय वाईट. २०२३ला एएम५वर एसओसी व्होल्टेज जास्त गेल्याने प्रोसेसर जळाल्याच्या घटना झाल्या होत्या आणि एएमडीला बायोसमधून १.३वर मर्यादा घालावी लागली होती. मग विंडोजमध्ये टेस्टमेम५ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम लावा. एरर शून्यच पाहिजे. एक एरर म्हणजे फेल, "एकच तर आली" असं नसतं. सोबत विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी दिसतायत का बघा, १९ नंबरची दिसली तर बहुतेक वेळा फॅब्रिकला तो वेग झेपत नसतो, एक पायरी खाली या. बूटच झालं नाही तर सीएमओएस क्लिअर करायचं, म्हणजे बायोसच्या सेटिंग पुसायच्या, पीसीची वायर काढून बोर्डावरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवून किंवा बोर्डावरची गोल बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत लावून, सगळं पहिल्यासारखं होतं, काही बिघडत नाही.

हे सगळं आम्ही जानेवारीत केलं. रात्रभर टेस्ट लावली, बाहेर कडाक्याची थंडी, सकाळी बघितलं तर शून्य एरर. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये रॅमचं तापमान ३६ अंश. मी खुश होऊन जळगावला परत आलो.

मे महिन्यात फोन. दादा, गेम मधेच बंद पडतोय, कधी निळी स्क्रीन येते, मेमरी मॅनेजमेंट लिहिलेली, कधी दुसरंच काहीतरी. आणि कॉलेजचा प्रोजेक्ट झिप करून ठेवला होता तो उघडतच नाहीये, करप्ट म्हणतोय. तो झिपचा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. मी त्याला सांगितलं, आत्ताच्या आत्ता एक्सएमपी बंद कर आणि प्रोजेक्टला हात लावू नकोस. नशिबाने मूळ फोल्डर मित्राच्या लॅपटॉपवर होता.

रविवारी गेलो. दुपारचे दोन, बाहेर ४४ अंश, पत्र्याची खोली, वरून तो पीसी खिडकीखालच्या टेबलावर भिंतीला घासून ठेवलेला. एक्सएमपी परत लावून टेस्टमेम५ चालू केलं, दीड तास, शून्य एरर. आतेभाऊ म्हणतो बघ, रॅम ठीक आहे, प्रोसेसरच खराब निघाला. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग मी आकडा बघितला, रॅम ४९ अंश. म्हटलं आता गेम लाव. पाऊण तास गेम चालवला आणि गेम चालू असतानाच बघितलं तर रॅम ६१. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नुसती रॅमची टेस्ट करताना ग्राफिक्स कार्ड झोपलेलं असतं. गेममध्ये तेच कार्ड खालून गरम हवा फेकतं आणि ती सरळ रॅमच्या अंगावर जाते. म्हणजे आम्ही ज्या हवेत परीक्षा घेत होतो त्या हवेत गेम कधी चालतच नव्हता. मग टेस्टमेम५ सोबत कार्डावर लोड देणारा प्रोग्रॅम पण लावला, आणि सत्ताविसाव्या मिनिटाला पहिली एरर, त्यानंतर दोन मिनिटांत आणखी तीन.

हे असं का होतं ते सांगतो. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, त्यात चार्ज भरलेला असतो आणि तो सतत गळत असतो. माठासारखं. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ एकदा वाचून परत भरावी लागते, त्याला रिफ्रेश म्हणतात. तापमान वाढलं की गळती वाढते, ८५ अंशाच्या वर तर रिफ्रेश दुप्पट वेळा करायचा असा नियमच आहे. आता ६१ म्हणजे ८५ नाही हे खरं, पण तो नियम साध्या वेगाच्या रॅमसाठी आहे, ओव्हरक्लॉकला सगळंच ताणून बसवलेलं असतं, थोडी जागा उरलेली असते ती उष्णतेत संपते. थंडीत ती जागा होती, मेमध्ये नव्हती, एवढंच.

मी पहिली चूक केली ती रॅमचं व्होल्टेज वाढवण्याची. १.३५चं १.४० केलं. वाटलं आता पक्कं होईल. उलट रॅम आणखी तापली, ६४वर गेली, आणि एरर अठराव्या मिनिटालाच आली. परत १.३५ केलं. मग पीसी भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, समोरच्या जाळीवर धुळीचा अक्षरशः थर होता तो ब्रशने काढला (आमच्याकडे एप्रिल-मेच्या वावटळींनंतर ही जाळी दर पंधरा दिवसांनी बघावीच लागते), पुढून आत आणि मागून बाहेर अशी फॅनची दिशा तपासली तर मागचा फॅन उलटा लावलेला निघाला, तो फिरवला. रॅम ५५वर आली. एक गोष्ट मात्र करू नका, पाण्याचा कूलर सरळ उघड्या कॅबिनेटवर सोडू नका, त्यात ओलावा आणि बारीक थेंब येतात, खोली थंड करायला कूलर ठीक, बोर्डावर नको.

५५लाही दोन तासांनी एक एरर आलीच. तेव्हा मी वेग उतरवला. ३६००वरून ३४६६, फॅब्रिक १७३३, टायमिंग सीएल१८च ठेवलं. कार्डाच्या लोडसकट दुपारी बारा ते पाच टेस्ट चालवली, त्यात एकदा लाइट गेली म्हणून परत पहिल्यापासून. शून्य एरर. दुसऱ्या दिवशी दुपारी परत तीच टेस्ट, परत शून्य. आता हिशोब करा, ५७.६ जीबीचं झालं ५५.५, चार टक्के सुद्धा कमी नाही. गेममध्ये मी दोन्हीकडे एकाच मॅपवर मोजून बघितलं, एफपीएसमध्ये जो फरक येत होता तेवढा तर एकाच सेटिंगवर दोनदा मोजलं तरी येतो. एवढ्यासाठी पोराचा प्रोजेक्ट जाणार होता.

म्हणून जे कोणी जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडचे लोक थंडीत दिवाळीच्या ऑफरमध्ये रॅम घेऊन एक्सएमपी लावून बसलेत त्यांना माझं मनापासून सांगणं आहे, एप्रिल उजाडला की भर दुपारी, कार्डावर लोड देऊन, एकदा टेस्ट परत चालवा. बाहेरच्या व्हिडिओत एसी खोलीत बसून जो स्टेबल म्हणतो त्याची खोली २४ अंशांवर असते, तुमची ४०वर. प्रोसेसर गरम झाला तर तो स्वतःच वेग कमी करून घेतो, त्याला ती अक्कल दिलेली आहे. रॅमला ती नाही, ती तशीच धावत राहते आणि चुकीचं उत्तर देत राहते. चार स्टिक लावलेल्यांनी तर जास्तच जपा, कंट्रोलरवर भार जास्त पडतो आणि मधल्या स्टिकला हवाच लागत नाही. आणि जुन्या दोन स्टिकसोबत नवीन दोन मिसळून ३६००ची अपेक्षा ठेवू नका, डब्यावर नाव तेच असलं तरी आतल्या चिपा वेगळ्या असू शकतात.

आतेभावाच्या बायोसमध्ये आता दोन प्रोफाइल सेव्ह करून ठेवलीत. एक ३४६६चं, एक ३६००चं. नावं त्यानेच टाकली, पहिल्याला "मे", दुसऱ्याला "भरीत".